जुन्या स्टेशन वॅगनमध्ये पाणी शिरतंय? आधी पाण्याची वाट शोधा, मग सिलिकॉनची नळी उघडा

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. त्यांच्याकडे २००६ सालची टाटाची डिझेल इंडिगो मरीना आहे, म्हणजे छप्पर थेट डिकीपर्यंत लांब गेलेली स्टेशन वॅगन. पाऊस झाला की मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, पायांपाशी मॅटिंग भिजतं. डिकीच्या तळातून दोन-तीन तांबे पाणी निघतं. सकाळी काचा आतून घामेजलेल्या असतात आणि दार उघडलं की कुबट वास येतो. दोन पावसाळ्यांत दोनदा समोरच्या काचेभोवती सिलिकॉन भरून घेतलं, डिकीच्या दाराभोवतीचं रबर, म्हणजे बीडिंग, बदललं, तरी फरक पडला नाही. शेवटी त्यांनी विचारलंय की गाडी काढून टाकावी का.

सर, गाडी काढू नका. इंजिन ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि पाच माणसं बसवून मागे पोतं, सायकल, पाहुण्यांच्या बॅगा असं सगळं मावेल अशी गाडी आता या किमतीत मिळत नाही. मरीना २००४ साली आली आणि काही वर्षांतच बंद झाली. त्याआधीची टाटा इस्टेट तर १९९२ ची. आमच्या भागात या गाड्या अजून चालतात त्या लोकांनी जीव लावला म्हणून. मी वर्धा जिल्ह्यात २६ वर्षं डेंटिंग-पेंटिंग आणि बॉडीचं काम करतो. पाणी शिरणाऱ्या गाड्या दर पावसाळ्यात येतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांना नवीन सिलिकॉनची गरज नसते. गरज असते ती बंद झालेली भोकं मोकळी करण्याची.

हे आधी नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. मोटारीची बॉडी म्हणजे माठ नव्हे. तिच्यात पाणी शिरणार हे धरूनच ती बनवलेली असते. दाराची काच खाली-वर होते तिथून पाऊस दाराच्या पोटात जातोच, आणि दाराच्या तळाला जी बारीक भोकं असतात तिथून बाहेर पडतो. वायपरच्या खाली जी पन्हळ असते तिच्यात पाणी पडतंच, आणि दोन्ही बाजूंच्या वाटांनी चाकामागे उतरतं. छपराच्या कडेच्या खाचेतून, डिकीच्या दाराभोवतीच्या नाळीतून पाणी वाहतच असतं. या वाटा चालू असतात तोवर तुम्हाला काहीच कळत नाही. वाट तुंबली की पाणी चढतं, आणि चढलेलं पाणी ज्या फटीपर्यंत एरवी कधी पोचलंच नसतं तिथून आत येतं. मग माणूस ती फट बुजवतो. पाणी पुढची फट शोधतं.

आपल्याकडे वाटा तुंबतात त्या काळ्या मातीने आणि कडुलिंबाने. पांदण रस्त्यावरून एकदा पावसात गाडी गेली की काळ्या मातीचा राड दारांच्या तळाशी बसतो, आणि ऊन पडलं की सिमेंटासारखा कडक होतो. मी दाराच्या भोकातून पेचकसाच्या टोकाने मातीची अख्खी खुंटी उपसून काढलेली आहे, बोटाच्या पेराएवढी, भोकाच्या आकाराची. ती निघाल्याबरोबर दारातून गढूळ पाणी भळाभळा वाहिलं. त्या गाडीच्या मालकाने दोन महिन्यांपूर्वीच त्या दाराचं नवीन रबर बसवून घेतलं होतं.

तेव्हा पहिलं काम. गाडी कोरडी असताना चारही दारांची खालची कड हाताने चाचपा. भोकं सापडतील. सायकलच्या स्पोकचा तुकडा टोकाशी जरा वाकवून ती मोकळी करा, पण आत जोरात खुपसू नका, पत्र्याचा रंग खरवडला तर तिथून गंज सुरू होतो. दाराखालच्या पोकळ पत्र्यालाही खालून भोकं असतात, तीही पाहा. बोनेट उघडून वायपरखालची जाळी काढा आणि आतला पाला हाताने उचला. गाडी लिंबाखाली उभी राहत असेल तर चैत्रातला मोहर, मग निंबोळ्या, मग पानं असा थरावर थर तिथे सापडतो. पाण्याच्या जोराने तो पाला आत ढकलू नका, तो पुढच्या वळणावर जाऊन अडकतो. सगळं उपसून झालं की तांब्याने पाणी ओता आणि दोन्ही चाकांमागे किती वेगाने गळतं ते बघा. जितकं ओतलं तितकं लगेच खाली आलं पाहिजे.

आता शोध. पाईप हातात घेण्याआधी नुसते डोळे वापरा. स्टेशन वॅगन धावते तेव्हा तिच्या उभ्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि रस्त्यावरची धूळ उलटून डिकीच्या दाराला चिकटते. जिथे रबर नीट बसत नाही तिथून ती धूळ आत ओढली जाते. म्हणून कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, डिकी उघडा आणि रबराच्या आतल्या बाजूचा रंगवलेला पत्रा पाहा. जिथे धुळीची रेघ आत गेलेली दिसेल तिथे फट आहे. शहरातल्या कारागिराला ही सोय नाही. आपल्या रस्त्यांचा एवढा तरी फायदा घ्या.

रबराचा दाब तपासायला खडू लागतो, तो तर तुमच्या खिशातच असेल. डिकीच्या रबरावर गोल फिरून खडू घासा, दार नेहमीसारखं लावा, उघडा. दाराच्या पत्र्यावर खडूची अखंड रेघ उमटली पाहिजे. जिथे ती तुटते तिथे रबर टेकत नाही. बहुतेक वेळा दोष रबराचा नसतोच, दार वाकडं बसलेलं असतं. बिजागरी झिजून डिकीचं दार एका बाजूला उतरतं, किंवा कधीतरी मागून ठोकर बसलेली असते. अशा वेळी कुलूप ज्यात अडकतं तो खालचा आकडा दोन बोल्ट सैल करून केसभर आत सरकवला की काम होतं. तुम्ही नवीन बीडिंग टाकलं आणि फरक पडला नाही, यावरून डिकीतल्या पाण्याबद्दल मला आधी हीच शंका येते. बीडिंगचा जोड कुठे आला आहे तेही पाहा. तो नेहमी खाली मधोमध यायला हवा. मीटरवर मिळणारं बीडिंग लावताना कारागीर घाईत जोड वरच्या कोपऱ्यात आणतात, आणि पाणी बरोबर तिथूनच उतरतं.

मग पाण्याची चाचणी. त्याआधी आतलं मॅटिंग, डिकीच्या तळावरचं आवरण आणि मागची डावी-उजवी पॅडं, म्हणजे पत्रा झाकणारी आतली आवरणं, काढून टाका. पॅडं न काढता पाणी मारणं म्हणजे पडद्यामागचा चोर शोधणं. उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर फुंकून ठेवा, किंवा वर्तमानपत्राचे कागद पसरा. पाण्याचा थेंब पावडरवर ओघळ सोडतो आणि तो ओघळ तुम्हाला उलट वाटेने वर नेतो.

एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेर साधा पाईप धरेल. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा इथे मुळीच नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घालतो आणि खोटा दोष दाखवतो. पाईपचं तोंड मोकळं ठेवायचं, धार हळू, आणि सुरुवात खालून करायची. आधी बंपरच्या वरची कड, मग टेललाइट, मग डिकीच्या काचेची खालची कड, मग बाजूच्या काचा, आणि सर्वांत शेवटी छप्पर. एकेका जागी पाच ते दहा मिनिटं धार धरा. आधीच छपरावर पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. ही चाचणी घाईची नाही, अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

दोन माणसं नसतील तर अजून एक पद्धत आहे. सगळ्या काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेईल असा लावून पूर्ण वेगात सोडा. गाडीत हवेचा दाब तयार होतो. बाहेरून फटींवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे बुडबुडे फुगतात तिथून हवा बाहेर येतेय, म्हणजे पाणी आत जाऊ शकतं. मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर जाण्याच्या रबरी झडपा असतात, त्यांना आधी कागदी टेप लावा, नाहीतर सगळी हवा तिथूनच जाईल. टेप काढताना त्या झडपाही तपासून घ्या. त्यांची पाकळी वाळून वाकडी झालेली असली की मागच्या चाकाने उडवलेलं पाणी तिथून सरळ डिकीत येतं, आणि ही जागा बंपर उतरवल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

तुमच्या गाडीची दोन लक्षणं आहेत, पायांपाशी ओल आणि डिकीत पाणी. दोन्हींचं भोक एकच असेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा मागच्या सीटखालचा पत्रा उंच असतो, डिकीतलं पाणी तो चढून पुढे येत नाही. म्हणून मला वाटतं तुमच्याकडे एक तर दोन वेगळ्या गळत्या आहेत, किंवा एकच आहे पण ती वर छपरापाशी आहे आणि पाणी छपराला आधार देणाऱ्या डाव्या खांबातून उतरताना दोन्हीकडे वाटलं जातंय.

छपराचं मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. वरूडकडच्या एका संत्रा बागायतदाराची जुनी इस्टेट माझ्याकडे आली होती. डाव्या बाजूला पायांपाशी पाणी. मी काचेचं रबर काढून पुन्हा बसवलं, गाडी गेली, आठ दिवसांत परत आली. मग दाराचं रबर बदललं. पुन्हा परत. त्या भाऊंनी एक शब्द वाकडा काढला नाही, एवढंच म्हणाले, "पाह्यना जी आणखी एकदा, आत कुठून तरी येऊनच राह्यलं पाणी." तिसऱ्यांदा मी छपराच्या अस्तराची डावी कड मोकळी केली, आत आडवा झालो आणि पोराला वरून तांब्याने पाणी सोडायला लावलं. कॅरिअरच्या एका बोल्टाच्या भोवती पत्रा ओला दिसला. तिथे एक थेंब भरला, पण खाली पडला नाही. तो आतल्या दिव्याच्या वायरीवर उतरला, वायरीवरून चालत जवळजवळ दीड हात लांब गेला, खांबापाशी वायर वळली तिथे थांबला, मोठा झाला आणि खांबाच्या आत टपकला. तिथून पुढे तो कुठे जातो हे मला दोन महिन्यांपासून दिसत होतं, येतो कुठून ते त्या दिवशी दिसलं. त्यानंतर मी छप्पर पाहिल्याशिवाय काचेला हात लावत नाही.

स्टेशन वॅगनचं छप्पर लांब, त्यामुळे त्यावरचं पाणीही जास्त. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. छपराच्या दोन्ही कडांना जी लांब खाच असते, तिच्यात छप्पर आणि बाजूचा पत्रा यांचा जोड असतो. त्यावर कारखान्यात सीलर भरलेला असतो. पंधरा-वीस नवतपे, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सोसल्यावर तो केसासारखा तडकतो. वरची काळी पट्टी काढल्याशिवाय ते दिसत नाही. पट्टी काढा, खाच ब्रशने स्वच्छ करा, नख फिरवा. जिथे सीलरचा पापुद्रा उचलला जातो तिथे तो खरवडून काढायचा, गंज असेल तर चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचा, प्रायमर मारायचा, आणि वाळल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर भरून बोटाने दाबून सारखा करायचा. वरून रंगाचा हात. जुन्या तडकलेल्या थरावर नवीन थर देऊ नका, दोन्ही एकत्रच सुटतात.

छपरावरच्या रेलच्या बोल्टांसाठी बाहेरून काही फासू नका. अस्तराची कड खाली घेऊन बोल्ट काढा, भोकाभोवतीचा पत्रा साफ करा, ब्यूटाइलची काळी चिकट पट्टी वर्तुळ करून लावा आणि बोल्ट बेताने कसा. ब्यूटाइल कधी कडक होत नाही, म्हणून पत्रा तापून फुगला-आकसला तरी ते धरून राहतं. टेललाइटलाही हेच. दिवा काढा, मागचं स्पंजाचं गॅस्केट दाबून पाहा. दाबलेलं तसंच चपटं राहत असेल तर ते संपलं. नवीन मिळालं तर उत्तम, नाही तर ब्यूटाइलची पट्टी. प्लॅस्टिकचे नट फार कसू नका, दिव्याचा कान तुटतो.

मागे वायपर असेल तर वॉशरचा बारीक पाइप छपरातून डिकीच्या दारात जातो. दार उघडमिट होऊन बिजागरीपाशी तो कडक होतो आणि फाटतो. ओळखायची खूण अशी की पाऊस नसतानाही, काच धुतली की ओल येते.

मागच्या डाव्या दाराचं पॅड तुम्ही कधी उघडलं होतं का, काचेच्या मशीनसाठी किंवा स्पीकरसाठी? पॅडच्या मागे दारावर एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दाराच्या पोटातलं पाणी आतल्या बाजूला येऊ नये म्हणून तो आहे. काम करताना बरेच कारीगर तो फाडून फेकून देतात, "याचं काही काम नाही" म्हणून. मग पाणी पॅडच्या मागून उतरतं आणि थेट पायांपाशी. पायांपाशीच्या ओलीबद्दल माझा पहिला संशय तुमच्या बाबतीत इथेच आहे. तो कागद परत करणं सोपं आहे. शेतात वापरतात तसा जाड पॉलिथिन घ्या, दाराच्या आकाराला कापा, कडेने ब्यूटाइलची दोरी लावून दाबा. एकच गोष्ट चुकवायची नाही. कागदाची खालची कड दाराच्या आतल्या फटीत गेली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात पडेल. कड बाहेर राहिली तर कागद असून नसल्यासारखा.

पुढच्या डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या शेजारी ओल असणाऱ्यांसाठी थोडक्यात. एसी चालवल्यावरच ओल येत असेल तर तो एसीच्या पाण्याचा पाइप तुंबलाय. त्यात धूळ बसते, आणि उन्हाळाभर एसी बंद असेल तर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. हे पाणी स्वच्छ असतं आणि त्याला वास नसतो. ओल चिकट लागली, गोडसर वास आला, समोरच्या काचेवर तेलकट धुकं धरत असेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होत असेल, तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. तिथे उशीर करू नका, गाडी तापेल.

आता तुमच्या समोरच्या काचेचं. दोनदा भरलेलं सिलिकॉन मला काळजीचं वाटतं. ज्या स्वस्त सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय सिलिकॉनच्या थरावर पीयू चिकटत नाही. काच बॉडीला चिकटवलेली असते ती पीयूने, आणि अपघातात ती काच बॉडीला आधार देते. म्हणून ते सिलिकॉन ब्लेडने सगळं काढून घ्या. त्याखालची काच चाचणीत कोरडी निघाली तर तिला हात लावायचा नाही. गळत असेल तर काचेभोवतीचा पीयू तारेने कापून काच काढायची, कडेचा गंज साफ करायचा, प्रायमर आणि पीयू लावून बसवायची, आणि डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत गाडी हलवायची नाही. हे काम नागपूरला किंवा अमरावतीला काचेचंच काम करणाऱ्याकडे करा. घरी नको.

रबरांना डिझेल, जळकं ऑइल, रॉकेल लावायची आपल्याकडे सवय आहे, दोन दिवस चमकतात म्हणून. दारांची रबरं ज्या जातीची असतात ती तेलाने फुगतात आणि सैल पडतात. ओल्या फडक्याने पुसा आणि ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, वर्षातून दोनदा. पोकळ रबर एखाद्या जागी चपटं झालं असेल तर त्याच्या पोटात बारीक रबरी नळी सरकवली की ते परत उभं राहतं. नवीन रबर मिळेपर्यंत चांगले एक-दोन पावसाळे निघतात.

गळती बंद झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. मॅटिंगच्या खालचा नमदा वरून कोरडा लागतो आणि आत आठवडेच्या आठवडे ओला राहतो. तोच तुमचा कुबट वास, तेच काचेवरचं धुकं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सीटचे बोल्ट सोडा, मॅटिंग नमद्यासकट बाहेर काढून दोन दिवस उन्हात उलटंपालटं करा. तोवर पत्रा मोकळा आहे, तर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आवाज आला तर पत्रा खालून खाल्लाय. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळू द्या, मग प्रायमर, जोडांवर सीलर, वर रंग. भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, फायबर चिकटवायचं नाही. मॅटिंगखालून जाणाऱ्या वायरींचे जोड उघडून हिरवट पावडर धरली आहे का तेही बघा.

हे सगळं मृग लागायच्या आत, मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. तेव्हा पत्रा हाडासारखा कोरडा असतो आणि सीलर धरतो. काम झालं की आतली पॅडं लगेच बसवू नका. पहिले दोन मोठे पाऊस तशीच काढून ठेवा, पावडर मारून ठेवा, आणि गाडी एकदा नाक खाली करून, एकदा नाक वर करून उतारावर उभी करा. दोन्ही वेळा पावडर कोरडी राहिली की मग पॅडं बसवा. एखादा ओघळ दिसलाच तर त्याचा फोटो काढा, गाडी कोणत्या दिशेने उभी होती ते लिहा आणि मला पाठवा, तिथून पुढे मिळून पाहू.